पाणी खोल गेले तर? : सुखसाधने आणि तवक्कुल



बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव क्षणभर डोळ्यांसमोर आणा. मे महिन्याची पहाट आहे. फज्रची अजान नुकतीच झाली आहे. घरातील वडीलधारे वुजूसाठी उठतात, नळाची तोटी फिरवतात आणि पाणी येत नाही. अशा वेळी आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘लाईट गेली का?’ लाईट असेल तर दुसरा प्रश्न: ‘मोटार जळाली का?’ मोटारही ठीक असेल तर तिसरा, काळजात चर्र करणारा प्रश्न: ‘बोअर आटली का?’

हे तीनही प्रश्न योग्यच आहेत. बिघाड कोठे आहे हे शोधणे माणसाचे कामच आहे. परंतु या तीन प्रश्नांच्या पलीकडे एक चौथा प्रश्न आहे आणि तो आपल्या मनात सहसा येत नाही. आश्चर्य असे की, आदल्या रात्री झोपण्यापूर्वी तोच प्रश्न कदाचित आपल्याच ओठांवर असतो. सूरह अल-मुल्कची तिलावत करून झोपण्याची प्रथा आपल्या अनेक घरांत आहे. तीस आयतींची ही सूरह एका प्रश्नावर संपते. अल्लाह आपल्या प्रेषितांना (स.) फर्मावितो की, लोकांना विचारा: तुमचे पाणी जमिनीत खोल निघून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देणार? (६७:३०)

रात्री ओठांवर असलेला हा प्रश्न पहाटे नळ कोरडा निघाल्यावर आठवत का नाही? या पाठात आपल्याला याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

एकच शब्द, दोन सूरह

या आयतीत पाणी खोल जाण्यासाठी जो अरबी शब्द आला आहे तो आहे ‘ग़ौर’. जमिनीच्या पोटात इतके खाली जाणे, की ते पुन्हा हाती लागू नये. कुरआनमध्ये हाच शब्द पाण्याच्याच संदर्भात सूरह अल-कहफमध्येही आला आहे (१८:४१). म्हणजे एक सूरह अनेक जण रोज रात्री वाचतात, दुसरी दर शुक्रवारी वाचतात आणि दोन्हींत पाणी खोल जाण्याचा इशारा आहे.

सूरह अल-कहफमधील तो प्रसंग आपल्या शेतकरी बांधवांना फार जवळचा वाटेल. एका माणसाकडे द्राक्षांच्या दोन बागा होत्या. भोवती खजुरीची झाडे, मधल्या जागेत पिके आणि बागांमधून वाहणारा प्रवाह. उत्पन्नात कोठेही उणीव नव्हती. एके दिवशी तो आपल्या सोबत्यासह बागेत शिरला आणि म्हणाला की, ही बाग कधी काळी नष्ट होईल असे मला वाटत नाही. सोबत्याने त्याला समजावले: बागेत शिरताना ‘माशाअल्लाह, ला कुव्वत इल्ला बिल्लाह’ असे का म्हणाला नाहीस? हिच्यावर आकाशातून आपत्ती येऊ शकते किंवा हिचे पाणी इतके खोल जाऊ शकते की तू शोधूनही ते तुला सापडणार नाही.

पुढे बाग उद्ध्वस्त झाली. मांडव कोसळून पडले होते आणि बागेवर केलेल्या खर्चाच्या दुःखाने तो हात चोळत राहिला. त्या वेळी त्याच्या तोंडून जे उद्गार निघाले त्यांकडे विशेष लक्ष द्या. तो म्हणाला की, मी माझ्या पालनकर्त्याबरोबर कोणाला सहभागी केले नसते तर किती बरे झाले असते! (१८:४२)

या माणसाने एखाद्या मूर्तीपुढे मान तुकविल्याचा या कथेत कोठेही उल्लेख नाही. उलट, आपल्या पालनकर्त्याचा उल्लेख त्याच्या बोलण्यात आहे. मग त्याने सहभागी केले तरी कोणाला? बागेला. तिच्या पाण्याला. स्वतःच्या नियोजनाला. ‘हे आहे तोवर मला चिंता नाही’ हा जो भरवसा केवळ अल्लाहवर ठेवावयाचा होता, तो त्याने बागेवर ठेवला. आपल्या हातून शिर्क होणे शक्यच नाही, असे समजून निर्धास्त राहणाऱ्या प्रत्येकाने या ठिकाणी थांबून स्वतःला तपासावे, इतका हा प्रसंग गंभीर आहे.

कळीपासून ढगापर्यंत

आता आपल्या घरातील त्या कळीकडे पाहू या. कळ दाबली की मोटार सुरू होते आणि पाणी वर येते. डोळ्यांना दिसते ते एवढेच. कळीच्या मागची साखळी मात्र आपण कधी मोजून पाहत नाही.

मोटारीला वीज हवी. आपल्याच जिल्ह्यात परळी येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तेथे दूरवरून कोळसा येतो, तो जाळून पाण्याची वाफ केली जाते, त्या वाफेने जनित्रे फिरतात आणि यंत्रसामग्री थंड ठेवण्यासाठी पुन्हा पाणीच लागते. हे पाणी माजलगाव धरण आणि गोदावरीवरील खडका बंधारा येथून येत असे. फेब्रुवारी २०१३ मध्ये, दुष्काळ ऐन भरात असताना, ११३० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र पाण्याअभावी पूर्णपणे बंद ठेवावे लागले. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. कोळसा होता, यंत्रे होती, अभियंते होते, तारा आणि खांब जागच्या जागी होते. नव्हता तो फक्त पाऊस.

यातील बोध पाहा. आपण म्हणतो, ‘वीज असली की पाणी येते.’ परळीने दाखवून दिले की, पाणी असले तर वीज येते. ज्या साधनाला आपण पाण्याचा आधार समजत होतो, ते साधन स्वतःच पाण्याच्या एका घोटासाठी आकाशाकडे डोळे लावून बसले होते.

साखळीचे दुसरे टोक जमिनीखाली आहे. मराठवाड्याची जमीन ज्या खडकावर उभी आहे तो काळा कठीण बेसाल्ट आहे. त्यात पाण्याचे भूमिगत समुद्र नाहीत. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत पावसाचे जे पाणी मुरते, तेच विहिरीला आणि बोअरला येते. शंभर फुटांवर लागले नाही म्हणून तीनशेवर, तीनशेवर नाही म्हणून सहाशेवर जाणाऱ्याला खाली कोरडी फुफाटीच लागण्याची शक्यता अधिक असते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घातले ते याच कारणाने. खोल जाणाऱ्या पाण्याचा पाठलाग करण्यात एका शेजाऱ्याची बोअर दुसऱ्याच्या विहिरीचा घोट घेते आणि शेवटी दोघेही टँकरच्या रांगेत उभे राहतात.

म्हणजे कळ, तार, परळी, धरण, खडक या सर्वांचा माग काढीत गेलो तर शेवटी आपण ढगापाशी पोहोचतो. आणि येथे सूरह अल-वाकिआचा प्रश्न आपली वाट पाहत उभा असतो: तुम्ही पिता ते पाणी ढगातून तुम्ही उतरविले की आम्ही? आम्ही इच्छिले असते तर ते खारट करून टाकले असते. मग तुम्ही कृतज्ञ का होत नाही? (५६:६८-७०)

धरणाच्या भिंतीआड

कोणी म्हणेल, बोअर लहान साधन आहे, ते आटणारच. परंतु मोठी धरणे तर आहेत! पैठणचे जायकवाडी धरण हे खरोखर मोठे काम आहे. १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी आहे. त्याचा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. या पाण्याने हजारो घरांत चूल पेटली, हे विसरणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात हेच जलाशय मृत साठ्यावर आले. ‘मृत साठा’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत सहज वाचून जातो. जिवंत पाणी संपले, असा त्याचा अर्थ आहे.

केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे. लातूर शहर त्याच्यावर अवलंबून होते. २०१६ मध्ये ते कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून आगगाडीने लातूरला पाच लाख लिटर पाणी आणले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर असा पाऊस झाला की मांजरा धरण भरून गेले. काही महिन्यांपूर्वी ज्यासाठी आगगाडी धावत होती, तेच पाणी नदीपात्रात मावेना. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके आणि मातीदेखील वाहून नेली. पाण्याचे येणे आपल्या हाती नाही. त्याचे थांबणेही नाही.

अशाच एका धरणाची कहाणी कुरआनमध्ये सबा या राष्ट्राच्या वृत्तान्तात येते (३४:१५-१७). यमनमधील मारिब येथे सुमारे सहाशे मीटर लांबीचे धरण होते. त्याच्या जोरावर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना बागा फुलल्या होत्या. अल्लाहने त्यांना सांगितले होते की, आपल्या पालनकर्त्याने दिलेले खा आणि त्याचे आभार माना. त्यांनी तोंड फिरविले, तेव्हा त्याच धरणाचा पूर त्यांच्यावर आला आणि गोड फळांच्या जागी कडू फळे व झाऊची झुडपे उरली. मारिबच्या भिंतीचे अवशेष आजही तेथे उभे आहेत. लक्षात घ्या, धरण बांधले म्हणून कुरआन त्यांना दोष देत नाही. भिंत उभी राहिली आणि आभार मानणे थांबले, हा त्यांचा दोष होता.

या ठिकाणी एक सावधानता आवश्यक आहे. एखाद्या गावावर दुष्काळ किंवा पूर आला म्हणून ते गाव पापी ठरले, असा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला नाही. अल्लाह आपल्या प्रिय दासांचीही भय, भूक, धन, जीव व फळे यांच्या हानीने परीक्षा घेतो आणि धैर्य राखणाऱ्यांना शुभवार्ता देतो (२:१५५). दुसऱ्याच्या कोरड्या विहिरीत डोकावून त्याचे पाप शोधू नये. आपल्या भरलेल्या टाकीत डोकावून आपली कृतज्ञता शोधावी.

साधन वाईट नाही, आसन चुकीचे आहे

मग मोटार काढून टाकावी काय? इन्व्हर्टर, फ्रिज, दवाखाना, बँकेतील ठेव, हातातील मोबाइल यांचा त्याग करावा काय? इस्लामची ही शिकवण नाही. तिर्मिजीमध्ये उल्लेख आहे की, एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, मी उंटाला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळे सोडून? प्रेषितांनी (स.) उत्तर दिले की, आधी त्याला बांध आणि मग भरवसा ठेव. तिर्मिजीमध्येच पक्ष्यांचे उदाहरण आहे. ते सकाळी उपाशीपोटी निघतात आणि संध्याकाळी पोट भरून परततात. त्यांना अन्न अल्लाह देतो, हे खरे. परंतु त्यासाठी ते घरट्याबाहेर पडतात, हेही तितकेच खरे.

तवक्कुल म्हणजे हात थांबविणे नव्हे. हात साधनावर आणि हृदय अल्लाहपाशी, याचे नाव तवक्कुल. साधनांना इस्लामने सेवकाची जागा दिली आहे. आपण त्यांना उचलून मालकाच्या आसनावर बसवितो, तेव्हा बिघाड सुरू होतो. हा बिघाड तीन रूपांत दिसतो.

पहिले रूप अहंकाराचे. कारूनने म्हटले होते की, ही संपत्ती मला माझ्या ज्ञानामुळे मिळाली (२८:७८). आपणही म्हणतो, ‘मी योग्य जागी बोअर घेतली, म्हणून पाणी लागले.’ शेजाऱ्याने काय कमी कष्ट घेतले होते?

दुसरे रूप गाफीलपणाचे. हे अधिक सूक्ष्म आहे, कारण यात माणूस तोंडाने काहीच वावगे बोलत नाही. पाणी येत असते, पंखा फिरत असतो, खात्यात पगार जमा होत असतो आणि दुआ हळूहळू आखडत जाते. ज्याला मागण्यासारखे काही वाटत नाही, तो मागणे विसरतो. कुरआनमध्ये समुद्रात सापडलेल्या प्रवाशांचे वर्णन आहे. नौकेत असताना ते केवळ अल्लाहला हाक मारतात आणि किनाऱ्याला लागताच इतरांना त्याच्याबरोबर सहभागी करू लागतात (२९:६५). आपल्यापैकी किती जण टँकर सुरू झाल्यावर पावसासाठी दुआ करतात आणि पहिल्या पावसानंतर विसरतात?

तिसरे रूप निराशेचे. ज्याने बोअरवर भरवसा ठेवला, त्याचा भरवसा बोअरबरोबरच आटतो. या तिसऱ्या रूपाकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत, कारण आपल्या जिल्ह्यात त्याची किंमत फार मोठी आहे.

या तिन्हींचे मूळ एकच आहे. नूह (अलै.) यांच्या मुलाने पूर येताना पाहूनही म्हटले की, मी डोंगराचा आश्रय घेईन, तो मला पाण्यापासून वाचवील (११:४३). डोंगर खरोखरच उंच होता. तो निर्मात्याहून मोठा मात्र नव्हता.

हजरत उमर (रजि.) यांनी काय केले?

साधन आणि श्रद्धा यांचा मेळ प्रत्यक्षात कसा घालावा, याचे उत्तम उदाहरण हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत सापडते. हिजरी सन १८ मध्ये हिजाजमध्ये भयंकर दुष्काळ पडला. वारा राखेसारखी धूळ उडवीत असे, म्हणून इतिहासात त्या वर्षाला ‘आमुर्रमादा’ म्हणजे राखेचे वर्ष म्हणतात. उपाशी लोक वाळवंटातून मदीनेत येऊ लागले.

हजरत उमर (रजि.) यांनी प्रथम प्रशासनाचे काम केले. इतर प्रदेशांतील अधिकाऱ्यांना पत्रे लिहून धान्य मागविले आणि शामहून धान्याने लादलेले उंटांचे काफिले आले. अन्न शिजवून वाटण्याची व्यवस्था केली. दुसरे काम त्यांनी स्वतःच्या ताटात केले. लोकांना तूप मिळत नाही तोवर मी ते खाणार नाही, असा निश्चय करून ते तेलावर राहिले. तिसरे काम सज्द्यातले. लोकांना घेऊन त्यांनी पावसासाठी दुआ केली आणि, सहीह बुखारीत नमूद आहे त्याप्रमाणे, प्रेषितांचे (स.) काका हजरत अब्बास (रजि.) यांना दुआसाठी पुढे केले.

पत्र, ताट आणि सज्दा. यांपैकी एकही वगळून चालत नाही. केवळ सज्दा करून धान्य न मागविणारा उंट न बांधणारा ठरतो. केवळ धान्य मागवून सज्दा न करणारा त्या बागवाल्यासारखा ठरतो. आणि दोन्ही करून स्वतःचे ताट भरलेले ठेवणारा लोकांच्या दुःखात सहभागीच होत नाही.

खुद्द प्रेषितांच्या (स.) काळी एका शुक्रवारी खुतबा चालू असताना एका माणसाने उठून दुष्काळाची तक्रार केली. प्रेषितांनी (स.) हात उचलले, आकाशात ढगाचा तुकडाही नसताना पाऊस सुरू झाला आणि आठवडाभर चालला. पुढच्या शुक्रवारी तक्रार आली की घरे पडत आहेत. त्यांनी पुन्हा हात उचलले आणि हा पाऊस आमच्यावर न पडता आमच्या अवतीभोवती, टेकड्यांवर व झाडांच्या मुळांवर पडावा, अशी दुआ केली. ही घटना हजरत अनस (रजि.) यांनी सांगितली असून ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. टंचाईतही हात त्याच्याकडेच आणि अतिवृष्टीतही त्याच्याकडेच.

भरलेल्या टाकीवर कोणाचा हक्क?

अल्लाहवरील भरवसा खरा की केवळ बोलण्यापुरता, याची कसोटी नमाजच्या चटईवर जितकी होते तितकीच ती आपल्या अंगणातील नळावर होते. ‘हे पाणी माझ्या बोअरचे आहे’ असे मानणारा ते मोजून ठेवतो. ‘हे पाणी अल्लाहचे आहे आणि माझ्या अंगणातून वर येते’ असे मानणाऱ्याला ते वाटताना जड जात नाही.

अबू दाऊदमधील एका हदीसनुसार पाणी, कुरण आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक भागीदार आहेत. मदीनेत मुस्लिमांना गोड्या पाण्याची अडचण होती, तेव्हा ‘रूमा’ नावाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. आपल्या बीड शहराजवळ खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकात निजामशाहीच्या काळी ती बांधली गेली आणि जमिनीखालच्या नालीतून तिचे पाणी भोवतालच्या शेती-बागांना पुरविले जात असे. बांधणाऱ्याला जाऊन शतके लोटली. पाण्याचा उपयोग मात्र लोकांना होत राहिला. आज आपण जी बोअर घेतो, तिला कुलूप लावतो.

ज्याच्या बोअरला एप्रिल-मेमध्येही पाणी आहे, त्याने एक तोटी रस्त्याच्या बाजूला काढावी. जातीधर्माचा भेद न करता शेजाऱ्याला हंडा भरू द्यावा. ज्या शिवारात पिण्याच्या पाण्याची शाश्वती नाही, तेथे उसासारखे भरमसाट पाणी पिणारे पीक घेण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. माणसांच्या हातच्या कमाईमुळे भूमीवर व समुद्रात बिघाड माजतो, असे कुरआन सांगते (३०:४१). छपरावरचे पाणी जमिनीत मुरविणे, जुनी विहीर गाळ काढून जिवंत करणे, हीदेखील आभार मानण्याचीच पद्धत आहे. वुजू करताना तोटी पूर्ण सोडून देणाऱ्याने आठवावे की, वाहत्या नदीकाठीही पाण्याची उधळपट्टी करू नये अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे.

बोअर कोरडी गेली त्या घरी

आता त्या तिसऱ्या रूपाकडे वळू. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी जाते. गाडी निघून जाते, मागे खडकाच्या पांढुरक्या भुकटीचा ढीग उरतो. घरातील कर्ता माणूस त्या ढिगाकडे पाहत बसतो. व्याज चालू असते, मुलीचे लग्न ठरलेले असते, कारखान्याच्या टोळीची उचल घेतलेली असते. मराठवाड्यातील किती तरी घरांनी अशा रात्रींनंतर आपला माणूस गमावला आहे.

अशा माणसापुढे उभे राहून ‘तुझा ईमान कमजोर आहे’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. त्याच्या जवळ जाऊन बसा. त्याला बोलू द्या. मशिदीच्या जमातीतील दोन-चार जणांनी मिळून त्याचा हिशोब मांडा. व्याजी कर्जातून बाहेर काढण्यासाठी शक्य असेल तर कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज, उभारा. जकातीस पात्र असेल तर त्याचा हक्क त्याच्यापर्यंत सन्मानाने पोहोचवा. तो गप्प गप्प राहू लागला, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. हेही उंट बांधणेच आहे.

आणि मग, योग्य वेळी, त्याला हे सांगा: बोअर कोरडी गेली, देणारा नव्हे. जो अल्लाहवर भरवसा ठेवतो त्याला अल्लाह पुरेसा आहे आणि जेथून कल्पनाही नसते तेथून तो उपजीविका देतो (६५:३). त्याच्या कृपेपासून निराश होऊ नका, असे तो स्वतःच सांगतो (३९:५३). हे शब्द त्याच्या कानात तेव्हाच शिरतील, जेव्हा सांगणाऱ्याच्या हातात धान्याची पिशवीही असेल.

घरातील अभ्यासासाठी

हा पाठ वाचून बाजूला ठेवू नका. या आठवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. सूरह अल-मुल्कची शेवटची आयत आणि सूरह अल-कहफमधील ३२ ते ४४ या आयती अर्थासह वाचा. बागवाल्याच्या जागी आपण असतो तर आपली ‘बाग’ कोणती असती? शेत, नोकरी, मुलाचे शिक्षण, बँकेतील ठेव? प्रत्येकाने आपले उत्तर स्वतःपुरते शोधावे.

२. मुलांना नळापासून ढगापर्यंतची साखळी कागदावर काढायला लावा. प्रत्येक कडीवर राबणाऱ्या माणसांचे आभार मानायला आणि शेवटच्या टोकाला ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणायला शिकवा.

३. लाईट जाते तेव्हा चिडचिड करण्याऐवजी ती दहा मिनिटे दुआसाठी ठेवा. साधन बंद पडणे ही आठवण करून देणारी हाकही असू शकते.

४. दादी-नानीला विचारा की, १९७२ च्या दुष्काळात पाणी कोठून आणत होता, काय खात होता आणि एकमेकांना कसे सांभाळत होता? त्या पिढीजवळ साधने थोडी होती. त्यांचा आधार कोठे होता, हे त्यांच्याच तोंडून ऐका.

५. आपल्या घरातील पाण्यात या उन्हाळ्यात कोणाचा वाटा असेल, त्याचे नाव आजच ठरवा.

बंधू-भगिनींनो, न्यायाच्या दिवशी देणग्यांबाबत विचारणा होणार आहे, असे सूरह अत-तकासुर सांगते (१०२:८). त्या दिवशी आपल्या बोअरची खोली कोणी विचारणार नाही. वर आलेल्या पाण्याचे काय केले आणि ते येत असताना हृदय कोणापाशी होते, हे विचारले जाईल.

उद्या पहाटे तोटी फिरवाल आणि पाणी येईल, तेव्हा ते ओंजळीत घेऊन क्षणभर थांबा. आदल्या रात्रीचा प्रश्न आठवा आणि त्याचे उत्तर वुजूच्या पहिल्या थेंबाबरोबर मनात द्या: हे पाणी अल्लाह आणतो, तोच सर्व जगांचा पालनकर्ता आहे.

हे अल्लाह! आमच्या हातांना साधने दे आणि आमची हृदये साधनांच्या स्वाधीन करू नकोस. आमच्या शिवारावर लाभदायक पाऊस पाड, हानिकारक नको. ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांची उमेद आटू देऊ नकोस आणि ज्यांच्या भरल्या त्यांचे हात मोकळे कर. आमीन.